पेट्रोलचा काटा का चुकतो?

लांबच्या प्रवासाला निघालेला मोटारचालक गाडी सुरू करताना समोरच्या फळीवरील एका लहानशा काट्याकडे आधी पाहतो. टाकीत पेट्रोल किती आहे, हे तो काटा सांगतो. गाडी नवी असते तोवर त्याच्या सांगण्यावर कोणी शंका घेत नाही. गाडी जुनी झाली की मात्र मालक निरनिराळे हिशेब तोंडपाठ करू लागतात. ‘काटा अर्ध्यावर आला म्हणजे पाव टाकी उरली असे समजायचे’, ‘तळाला टेकला तरी अजून पाच लिटर असतात’, असे हे हिशेब. ते बहुधा बरोबर ठरतात. पण एखाद्या रात्री चुकतात आणि गाडी नेमकी घाटाच्या वळणावर, मागून ट्रक येत असताना बंद पडते.

मग काटा दुरुस्त करण्याची घाई सुरू होते. आधी समोरचा मापक बदलतात; फरक पडत नाही. मग टाकीतला फ्लोट बदलतात. तरीही काटा जिथल्या तिथे. शेवटी एखाद्या गंजलेल्या तारेचे टोक घासूनपुसून घट्ट बसवले की काटा सरळ चालू लागतो, आणि काढून टाकलेले दोन्ही भाग निर्दोष होते हे ध्यानात येते. हा खर्च टाळता येतो. त्यासाठी लागते ते ओहमच्या नियमाचे ज्ञान, एक वही आणि थोडा धीर. कारण काटा चुकतो तेव्हा तो वाटेल तसा चुकत नाही. प्रत्येक बिघाड आपापल्या रीतीने त्याला चुकवतो. चुकीचे रूप नीट पाहिले, तर बिघाड कोठे असावा हे एकही स्क्रू न काढता पुष्कळसे ओळखता येते. ते कसे, हे आता पाहू.

काटा पेट्रोल पाहत नाही

पेट्रोलची टाकी बहुतेक गाड्यांत मागच्या बाजूला असते आणि काटा पुढे, चालकाच्या डोळ्यांसमोर. म्हणजे टाकीतली बातमी काट्यापर्यंत पोचवावी लागते. ही व्यवस्था समजून घेण्यासाठी एक प्रत्यक्ष गाडीच घेऊ.

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात एम. जी. बी. नावाची छोटी, वेगवान गाडी तयार होत असे. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि हौशी लोकांनी त्यांतल्या कित्येक आजही चालत्या ठेवल्या आहेत. १९६४ च्या सुमारास या गाडीत जो पेट्रोलमापक आला, तशाच घडणीचे मापक त्या काळच्या इतर अनेक ब्रिटिश गाड्यांतही बसवलेले असत. आपल्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेली ॲम्बॅसेडरही मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरूनच तयार झाली होती. तेव्हा हे घराणे आपल्याला अगदीच परके नाही.

एम. जी. बी.च्या टाकीत एक हलका फ्लोट असतो. तो दांडीच्या टोकाला बसवलेला असून पेट्रोलच्या पातळीबरोबर वरखाली होतो. दांडीचे दुसरे टोक एका लहान डबीत शिरते. या डबीत बारीक तारेचे वेटोळे असते. दांडी हलली की त्या वेटोळ्यावरून एक धातूची जीभ सरकते आणि परिपथात येणाऱ्या तारेची लांबी कमीजास्त होते. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही सरकता रोध वापरला असेल. हा त्याचाच धाकटा भाऊ. या सबंध जोडणीला आपण ‘प्रेषक’ म्हणू. टाकी भरलेली असताना प्रेषकाचा रोध सुमारे २० ओहम असतो, अर्धी असताना सुमारे ६८ ओहम आणि रिकामी असताना सुमारे २४० ओहम.

प्रेषकापासून एक तार पुढे मापकाकडे जाते. परतीची वाट मात्र तारेची नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच ते काम करतो. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि प्रेषकाचे दुसरे टोकही. यालाच आपले मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात.

पुढच्या मापकात द्विधातु पट्टी असते. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून ती बनवतात. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि पट्टी वाकते. या पट्टीभोवती एक बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून विद्युतधारा वाहिली की ती तापते, पट्टी वाकते आणि तिला जोडलेला काटा वर चढतो.

आता निरोपाची साखळी पाहा. पेट्रोलची पातळी फ्लोटला कळते, फ्लोट दांडी हलवतो, दांडी रोध बदलते, रोधामुळे धारा बदलते, धारेमुळे उष्णता बदलते, उष्णतेने पट्टी वाकते आणि पट्टी काटा हलवते. म्हणजे काट्याला पेट्रोलचे काहीच ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ती फक्त आपल्या तारेतली उष्णता. साखळीतल्या कोणत्याही कडीने त्या उष्णतेत फरक पाडला, तर काटा तो फरक पेट्रोलच्या नावावर मांडतो.

थोडे आकडे

हिशेबाच्या सोयीसाठी मापकातल्या तारेचा रोध ६० ओहम धरू आणि तिला १० व्होल्ट दाब मिळतो असे समजू. तार आणि प्रेषक एकसरीत असल्याने दोन्ही रोधांची बेरीज करायची आणि दाबाला तिने भागायचे.

टाकी भरलेली असताना एकूण रोध ८० ओहम, म्हणून धारा १२५ मिलीअँपिअर. अर्धी असताना १२८ ओहम, धारा सुमारे ७८ मिलीअँपिअर. रिकामी असताना ३०० ओहम, धारा सुमारे ३३ मिलीअँपिअर. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्हाला माहीत आहे. त्यानुसार मापकाच्या तारेत अनुक्रमे ०.९४, ०.३७ आणि ०.०७ वॅट इतकी शक्ती खर्च होते. एवढ्याशा उष्णतेवर हा सारा कारभार चालतो.

पट्टी तापायला आणि निवायला वेळ लागतो. म्हणून किल्ली फिरवल्यानंतर असा काटा सावकाश, डुलत डुलत वर येतो. हा आळस दोष वाटेल, पण तो गुण आहे. गाडी वळणावरून किंवा खड्ड्यांतून जाते तेव्हा टाकीतले पेट्रोल हिंदकळते आणि फ्लोट सारखा वरखाली नाचतो. काटा चपळ असता तर तोही नाचला असता. आळशी काटा या नाचाची सरासरी काढतो. मात्र याच कारणाने, तपासणी करताना काटा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबलेच पाहिजे.

दहाच व्होल्ट का?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असताना मापकाला १० व्होल्ट का द्यायचे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. इंजिन बंद असताना बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन वेगाने चालू लागले आणि बॅटरी भारित होऊ लागली की दाब १४ व्होल्टपर्यंत जातो. मापक थेट बॅटरीला जोडला असता, तर इंजिनाचा वेग वाढताच पेट्रोलही वाढल्यासारखे दिसले असते!

म्हणून मध्ये एक स्टॅबिलायझर बसवतात. टीव्हीला किंवा फ्रिजला लावतात, त्याच कामाचा, पण काडेपेटीहूनही लहान. त्यातही एक द्विधातु पट्टी आणि तिला तापवणारी तार असते. पट्टी तापली की वाकते आणि संपर्क तुटतो. निवली की पुन्हा जुळतो. हे तुटणे-जुळणे सतत चालू राहते. दाब वाढला की पट्टी लवकर तापते आणि संपर्क कमी वेळ जुळलेला राहतो. त्यामुळे मापकाला मिळणारी सरासरी उष्णता, सतत १० व्होल्ट दिल्यावर मिळाली असती तेवढीच राहते. ज्या गाड्यांत इंजिनाचे तापमान दाखवणारा मापकही विजेवर चालतो, तेथे बहुधा दोन्ही मापकांना एकच स्टॅबिलायझर पुरवठा करतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

आधी नोंद, मग निदान

डॉक्टर औषध देण्यापूर्वी तापाचा तक्ता पाहतात. तसाच काट्याचा तक्ता आधी तयार करावा. टाकी जवळजवळ रिकामी झाली की पेट्रोलपंपावर पाच पाच लिटर पेट्रोल भरत जावे. प्रत्येक वेळी गाडी सपाट जागी उभी करावी, किल्ली फिरवून काटा स्थिर होऊ द्यावा आणि त्याची जागा नोंदवावी. हे एकाच दिवशी करणे शक्य नसेल, तर टाकी पूर्ण भरून पुढच्या प्रत्येक भरण्याच्या वेळी नोंद ठेवली तरी चालते. मग आलेखकागदावर आडव्या अक्षावर लिटर आणि उभ्या अक्षावर काट्याची जागा मांडावी.

निर्दोष मापकाचा आलेखदेखील अगदी सरळ रेषेत येईलच असे नाही. दांडीचे टोक वर्तुळकंसात फिरते, त्यामुळे सारख्या उंचीला सारखा कोन मिळत नाही. शिवाय टाकीचा आकारही आडवा येतो. आडव्या ठेवलेल्या नळकांड्यासारखी टाकी असेल, तर पातळी व्यासाच्या निम्म्यावर असताना टाकी निम्मी भरलेली असते. पण पातळी व्यासाच्या एक दशांशावर आली की आत जेमतेम ५ टक्के पेट्रोल उरलेले असते. ‘शेवटचा पाव भाग भराभर संपतो’ अशी जी तक्रार ऐकू येते, ती पुष्कळदा बिघाडाची नसून भूमितीची असते. आलेखाचा थोडासा बाक म्हणजे रोग नव्हे. रोगाची लक्षणे वेगळी असतात.

लक्षणावरून रोग

पहिला प्रकार घेऊ. टाकी काठोकाठ भरली तरी काटा अर्ध्यावरच थांबतो, पण टाकी रिकामी होताना मात्र तो जवळजवळ बरोबर सांगतो. येथे काय झाले असेल? समजा, परतीच्या वाटेवर कोठे तरी गंज चढून ४८ ओहमचा जादा रोध तयार झाला. भरल्या टाकीचे २० ओहम आणि हे ४८ मिळून ६८ ओहम झाले. हा तर अर्ध्या टाकीचा रोध! काटा प्रामाणिकपणे अर्धी टाकी दाखवतो. टाकी रिकामी असताना हेच ४८ ओहम २४० मध्ये मिळतात. धारा ३३ ऐवजी २९ मिलीअँपिअर होते. काटा केसभरच खाली येतो. म्हणजे वाटेतला जादा रोध भरल्या टाकीला फार फसवतो आणि रिकाम्या टाकीला थोडे. आलेखाचा वरचा भाग दडपलेला आणि खालचा जवळजवळ जागेवर, असे दिसले की सैल किंवा गंजलेला जोड शोधावा. टाकी गाडीच्या पोटाखाली चिखलपाण्यात असते. तेव्हा पहिला संशय तिथल्या अर्थवरच घ्यावा.

दुसरा प्रकार. काटा सगळीकडेच जास्त दाखवतो आणि इंजिनाच्या तापमानाचा काटाही अलीकडे वर राहू लागला आहे. दोन मापक एकाच वेळी, एकाच दिशेने बिघडणे हा योगायोग नसतो. दोघांना समाईक असलेली कडी म्हणजे स्टॅबिलायझर. स्टॅबिलायझरची स्वतःची अर्थ सुटली, तर त्याची पट्टी तापतच नाही, संपर्क कायम जुळलेला राहतो आणि बॅटरीचे पूर्ण १४ व्होल्ट पुढे जातात. मग अर्ध्या टाकीला धारा ७८ ऐवजी १०९ मिलीअँपिअर होते आणि काटा भरल्याच्या जवळ जातो. रिकाम्या टाकीलाही ३३ ऐवजी ४७ मिलीअँपिअर धारा मिळते आणि काटा रिकाम्याच्या खुणेवरून उठून वर राहतो. हा बिघाड सर्वांत फसवा, कारण टाकी कोरडी पडली तरी काटा धीर देत राहतो. उलट स्टॅबिलायझरमधून दाब बाहेरच पडत नसेल, तर दोन्ही काटे तळाशी पडून राहतात.

तिसरा प्रकार. काटा भरल्यापासून अर्ध्यापर्यंत नीट उतरतो, मग एकदम तळाशी पडतो आणि काही लिटर आणखी संपल्यावर पुन्हा वर येऊन पावावर उभा राहतो. पेट्रोल संपताना परत वाढू शकत नाही. म्हणजे प्रेषकाच्या वेटोळ्याची तार त्याच टापूत झिजली आहे. जीभ तेथे पोचली की परिपथ तुटतो. वर्षानुवर्षे गाडी ज्या पातळीच्या आसपास चालवली जाते, तेथे जिभेचे घासणेही जास्त होते.

चौथा प्रकार. काटा सगळीकडे साधारण ठरावीक लिटरच्या फरकाने चुकतो. पाच लिटर असताना रिकामी, पंधरा असताना दहा. आलेखाचा आकार तोच, फक्त तो बाजूला सरकलेला. येथे वीज निर्दोष असून दांडी वाकलेली असण्याचा संभव आहे.

काटा कायम तळाशीच असेल तर? तार तुटली असेल किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडाला असेल. या दोहोंतला फरक बारीक नजरेने कळतो. तार तुटली असेल, तर किल्ली फिरवल्यावर काटा जराही हलत नाही. फ्लोट बुडाला असेल, तर २४० ओहममधून का होईना, ३३ मिलीअँपिअर वाहतात आणि काटा आपल्या विश्रांतीच्या जागेवरून किंचित उचलतो. कायम भरलेलीच टाकी दिसत असेल, तर प्रेषकाकडे जाणारी तार वाटेत कोठे तरी सांगाड्याला टेकली असावी. कारण मग प्रेषकाचा रोध गाळून धारा मधूनच परतते.

संशयिताची परीक्षा

आलेखावरून संशय घेता येतो, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मिळवण्याची युक्ती सोपी आहे. ज्याच्याविषयी शंका आहे तो भाग बाजूला करून त्याच्या जागी खात्रीचा भाग ठेवायचा. प्रेषक दोषी की मापक, हे ठरवायचे असेल, तर प्रेषकाची तार सोडवून ती ६८ ओहमच्या रोधातून सांगाड्याच्या स्वच्छ भागाला जोडावी. असा रोध रेडिओ दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानात अल्प किमतीत मिळतो. आता काटा अर्ध्यावर आला, तर पुढची सारी बाजू निर्दोष ठरली. दोष टाकीकडे आहे. काटा अर्ध्यावर आला नाही, तर टाकी उघडण्याचे काही कारण नाही. एका परीक्षेत निम्मी साखळी निर्दोष सुटली. उरलेल्या निम्म्या साखळीचे पुन्हा दोन भाग करावेत. याप्रमाणे आठ कड्यांतली एक दोषी कडी शोधायला तीन परीक्षा पुरतात.

टाकीकडचा दोष ठरला, तर बॅटरी सोडवून आणि प्रेषकाची तार काढून ओहममापकाने दोन मापे घ्यावीत. पहिले, प्रेषकाचे टोक आणि टाकीचा धातू यांमधले. दुसरे, प्रेषकाचे टोक आणि गाडीचा सांगाडा यांमधले. पहिले २० आणि दुसरे ६८ आले, तर प्रेषक निर्दोष आहे. ४८ ओहम टाकी आणि सांगाडा यांच्या जोडात बसले आहेत. कानशीने किंवा पॉलिशकागदाने तो जोड स्वच्छ केला की काम झाले.

काही जण घाईने प्रेषकाची तार सरळ सांगाड्याला टेकवून ‘काटा भरल्यावर जातो का’ हे पाहतात. या जातीच्या मापकावर तसे करू नये. मधला रोध नाहीसा झाल्याने धारा १६७ मिलीअँपिअर होते, म्हणजे भरल्या टाकीलाही जी कमाल धारा असायची तिच्या सव्वापटीहून अधिक. नाजूक तार जास्त तापून मापक कायमचा बिघडू शकतो. तपासणीनेच रोग निर्माण करण्यासारखे ते होईल.

येथे धाडस नको

ही परीक्षा वाचून टाकी उघडायला कोणी धावू नये. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी सुटते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असले की एक ठिणगी पुरते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. ‘टाकी रिकामी आहे, मग भीती कसली?’ असे म्हणणारा माणूस सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. कारण रिकाम्या टाकीत द्रव नसला तरी वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. म्हणून टाकीजवळचे काम जाणत्या मिस्त्रीनेच, उघड्या हवेत, बॅटरी सोडवून करावे. तुमच्या वाट्याला वही, आलेख आणि तर्क हे काम आहे, आणि निदानातला मोठा वाटा तोच आहे.

जुने मापक, उलटी भाषा

याआधीच्या अनेक गाड्यांत वेगळ्या जातीचे मापक असत. त्यांत द्विधातु पट्टीऐवजी दोन विद्युत वेटोळी काट्याला दोन बाजूंनी ओढत. दोघांनाही दाब एकाच बॅटरीचा मिळत असल्याने तो वाढला तर दोन्ही ओढी सारख्या वाढत आणि स्टॅबिलायझरशिवाय काम भागे. त्यांच्या प्रेषकाची भाषा मात्र उलटी होती. टाकी रिकामी असताना रोध जवळजवळ शून्य आणि भरलेली असताना सुमारे ७० ओहम किंवा अधिक.

याचे दोन परिणाम पाहा. पहिला, त्या मापकात तार तुटली की काटा भरल्याच्याही पुढे जातो; म्हणजे तेच लक्षण, पण रोग वेगळा. दुसरा परिणाम अधिक मजेदार. जुना प्रेषक नव्या जातीच्या मापकाला जोडला, तर टाकी भरलेली असताना ७० ओहममुळे काटा अर्ध्यावर राहतो, आणि पेट्रोल संपत जाईल तसतसा भरल्याकडे चढतो! दोन्ही भाग नवे कोरे असूनही जोडी मात्र खोटी. म्हणून सुटा भाग घेताना तो कोणत्या जातीच्या मापकासाठी आहे हे विचारलेच पाहिजे.

यातून यंत्ररचनेचा एक मोठा प्रश्न पुढे येतो. उपकरण कधी तरी बिघडणारच. मग ते कोणत्या बाजूला बिघडावे? तार तुटल्यावर ‘टाकी रिकामी’ सांगणारा मापक चालकाला पंपावर नेतो. ‘टाकी भरलेली’ सांगणारा त्याला घाटात नेतो.

दुसरी मोजणीही तपासा

मापक बंद असेल तर काही जण टाकीत पट्टी बुडवून किंवा किलोमीटरचा हिशेब करून काम भागवतात. त्यात गैर काही नाही. पण ती मोजणीसुद्धा तपासलेली हवी. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आकाशातले आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एका बोइंग ७६७ विमानाचे इंधनमापक नादुरुस्त होते. कर्मचाऱ्यांनी टाक्यांत पट्टी घालून लिटर मोजले. मग त्यांचे वजन काढताना किलोग्रॅमऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला. २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. प्रत्यक्षात होते २२,३०० पौंड, म्हणजे सुमारे १०,१०० किलोग्रॅम. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते अवजड विमान तरंगत तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि विमानातील सर्व ६९ माणसे वाचली. तुमच्या शिक्षकांनी एकक लिहिले नाही म्हणून गुण कापले, तर हे विमान आठवा.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

पेट्रोलाविना, पाण्याच्या बादलीत हा मापक तयार करता येतो. उभ्या फळीवर सायकलची एक तार खिळ्याभोवती फिरेल अशी बसवा. तिच्या एका टोकाला बुचाचा किंवा थर्मोकोलचा गोळा लावा आणि तो बादलीतल्या पाण्यावर तरंगू द्या. दुसरे टोक फळीवर कंसात ताणलेल्या बारीक नायक्रोम तारेला घासत सरकले पाहिजे. दोन विद्युतघट, २२ ओहमचा एक स्थिर रोध, अँमापी आणि ही जोडणी एकसरीत जोडा. नायक्रोमचे जे टोक जोडाल ते असे निवडा, की पाणी वाढले म्हणजे परिपथातली तार कमी व्हावी. तारा पाण्याच्या वर, कोरड्या राहतील हे पाहा. आता एक एक लिटर पाणी ओतून धारा नोंदवा आणि निर्दोष मापकाचा आलेख काढा.

मग वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने दुसऱ्याला न दाखवता एक बिघाड करायचा. रोधपेटीतून १० ओहम गुपचूप एकसरीत घातले, तर ती झाली गंजलेली अर्थ. तिसरा घट जोडला, तर तो झाला बिघडलेला स्टॅबिलायझर. नायक्रोमच्या मधल्या भागावर नेलपॉलिश लावले, तर ती झाली तुटलेली तार. सायकलची तार किंचित वाकवली, तर ती झाली वाकलेली दांडी. दुसऱ्या गटाने जोडणीकडे न पाहता फक्त पाणी ओतायचे, अँमापी वाचायचा, आलेख काढायचा आणि बिघाड ओळखायचा. उत्तराबरोबर कारणही सांगितले, तरच गुण द्यावेत.